दोन कानटोप्या

प्रिय चिरंजीव,

काल संध्याकाळी तुझ्या बायकोचा फोन आला आणि ती रडली, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्र मध्येच तोडता येत नाही.

ती म्हणाली, "आई, माझ्या काटकसरीपायी तुम्हाला निघून जावं लागलं. चुकलंच माझं." हे तुला कुणी सांगितलं, म्हणून मी तिला विचारलं, तर निघालास तू! हीटरवरून तुमचं वाजलं आणि तू सुनावलंस, "तुझ्या कंजूषपणामुळेच आई गारठून गेली." माझ्या नावावर भांडणं जिंकायचा अधिकार तुला मी कधी दिला? आता खरं काय ते ऐक.

तुमच्याकडे राहिले तो महिनाभर मी गप्प बसून तिच्याकडे बघत होते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तू जाणतोस. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून उभी नोकरी मी 'दिवे बंद करा, नळ बंद करा' असं ओरडण्यात घालवली. माझी पाठ वळली की दिवे पुन्हा लागायचे. ही कुणावर ओरडत नाही. एका रविवारी ती पेटती मेणबत्ती घेऊन खिडक्यांच्या कडेकडेने फिरत होती. म्हटलं, हे काय नवीन खूळ? जिथे ज्योत थरथरली तिथे तिने पेन्सिलीने खूण केली, आणि दुपारपर्यंत एका जुन्या कोटाच्या पट्ट्या कापून सगळ्या फटी बुजवून टाकल्या. कोट तुझा होता. तुला अजून पत्ता नाही.

इस्त्रीचे कपडे ती साठवून एकदम करते, आणि बटण बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेवर रुमालांची इस्त्री उरकते. भांड्यातलं शिजत आलं की गॅस बंद करून भांडं जुन्या रजईत गुंडाळते. पुढचं शिजणं आपोआप होतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून आल्यावर हे सगळं ती गुणगुणत करते. जेवताना तू 'आमच्या वीजमंडळाच्या अध्यक्षा' म्हणून तिची टर उडवायचास. एकदा ती म्हणाली, "गरम पाण्याखाली उभं राहून अख्खी मैफल करणाऱ्या ग्राहकाचं कनेक्शन उद्यापासून तोडण्यात येत आहे." मला हसू आवरेना. वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आता गारठ्याचं. माझी खोली उबदार होती. इतकी, की मी शाल काढून ठेवायचे. महिनाभरात पाच मिनिटं येऊन माझ्यापाशी टेकला असतास, तर तुलाही कळलं असतं. तू दारातूनच "बरं आहे ना, आई?" विचारून पुढे जायचास. मला वाटलं, सगळं घरच असं उबदार असेल. मग एका सकाळी तुम्ही दोघं कामावर गेल्यावर बटण शिवायला दोरा हवा होता, म्हणून मी तुमच्या खोलीत गेले. फरशी तळव्यांना चावली. खोलीत हीटर नव्हता. पलंगावर दोन उशा, आणि प्रत्येक उशीवर एकेक लोकरीची कानटोपी, घडी घालून ठेवलेली.

तुमच्या खोलीतला हीटर माझ्या पलंगाशी होता, बाळा. तुला तिने तो माळ्यावर टाकल्याचं सांगितलं. घराचे हप्ते भरून एकाच हीटरची वीज परवडते, आणि ती तिने माझ्या गुडघ्यांना दिली. तुला खरं सांगितलं असतं तर तू माझ्यासमोर अवघडला असतास, म्हणून 'कंजूष' म्हणवून घेतलं. हे सगळं काल मी खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं.

मी मात्र त्या टोप्या पाहिल्यावर दोन दिवसांत निघाले. 'घराकडे बघायला हवं' म्हणाले, कारण खरं कारण सांगितलं असतं तर तिने मला उंबरा ओलांडू दिला नसता. मी उबेत झोपावं आणि तुम्ही टोप्या घालून निजावं, हे मला पटणारं नव्हतं.

इथे येऊन मी काय करते? एकटीसाठी अख्खं घर तापवते. सूनबाईने हे पाहिलं तर ती डोक्याला हात लावेल. म्हणून हे घर भाड्याने देऊन मी तुमच्याकडे कायमची राहायला येतेय. भाडेकरू तिने निवडायचा. त्या भाड्यातून तुमच्या खोलीतही हीटर चालेल, आणि तो चालतोय की नाही हे मी रोज येऊन बघेन. त्याआधी हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव आणि 'आई गारठून गेली' हे वाक्य तिच्यासमोर परत घे. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या घरातून इतकी ऊब घेऊन निघाले नव्हते.

तुझीच, आणि यापुढे तिचीही,
आई

ता. क. तुमच्या गावी कामाला निघालेल्या शेजारच्या प्लंबरच्या ताब्यात आज दिलं: जाड पडद्यांची जोडी. दाराखालच्या फटीसाठी वाळू भरून शिवलेली लांब पिशवी. तुझ्या वडिलांचा कोट, तुला. याच्या पट्ट्या करू नयेत. माझ्या घराची किल्ली. फक्त सूनबाईच्या हातात द्यायची.