साडेपाच तासांचा झेंडा

२ नोव्हेंबर, रविवार
मिळाला! झेंडा मिळाला! बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत साडेपाच तासांची पेसर — मी! पाठीवर झेंडा, त्यावर ५:३०. ज्यांना तेवढ्या वेळात पोहोचायचंय त्यांनी माझ्या मागे लागायचं. मिनिटभराचासुद्धा फरक चालत नाही. उशीर तर नकोच, पण लवकर पोहोचले तरी चूकच.

ह्यांना सांगितलं. हे जेवणाच्या टेबलावर कुठल्याशा लिफ्टची वायरिंग पसरून बसले होते. म्हणाले, "म्हणजे हळू धावायचं बक्षीस!" ह्यांनी तीनदा ही शर्यत धावली. तिन्ही वेळा सुरुवातीला सुसाट आणि तिसाव्या किलोमीटरला फुटपाथवर बैठक! आणि मला शिकवतात.

९ नोव्हेंबर, रविवार
सराव, वीस किलोमीटर. किलोमीटरला सात मिनिटं एकोणपन्नास सेकंद — बॉलपेनने मनगटावर लिहून घेतलं. तरी पहिल्या पाचलाच दोन मिनिटं आधी पोहोचले. गाढवपणा! गार हवा, ताजे पाय, वाटतं आज आपल्याला कोण अडवणार. मग उपाय केला. मोठ्याने बोलत धावायचं. दम न लागता अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. काय बोलणार? दुकानातल्या गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर म्हणत सुटले. डावा उणे दोन, उजवा उणे अडीच... कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ रस्त्याच्या पलीकडे गेले.

१९ नोव्हेंबर, बुधवार
भिंगं घासताना मालकीणबाई म्हणाल्या, "हल्ली फार गुणगुणता हो तुम्ही!" मला पत्ताच नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार
पेसरांची बैठक. संयोजक बाई एकदम कडक. पाण्याच्या टेबलाशी दहा पावलं चाला. चढावर वेग कमी झाला तर होऊ दे, जोर वाढवू नका, उतारावर भरून निघतो. "आणि कुणासाठीही थांबायचं नाही. झेंड्याला नातेवाईक नसतात!"

मी विचारलं, मागे कुणी उरलंच नाही तर? गेल्या वर्षी तसंच झालं म्हणे. साडेपाचवाली शेवटचे आठ किलोमीटर एकटीच आली. "पण वेळेवर आली ना!" — बाई.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वेळ चुकायची भीती नाही मला. पण एवढं सगळं करून मागे वळून बघावं तर चिटपाखरू नाही — मग झेंडा कुणासाठी मिरवायचा? हे टीव्ही बघत होते. म्हणाले, "हं."

संपलं! सत्तावीस वर्षं या "हं"बरोबर संसार केला मी.

६ डिसेंबर, शनिवार
उद्या. हे चार तास दहा मिनिटांत संपवणार म्हणे. लेकीचा फोन — "बाबा, सुरुवात सावकाश करा हं!" "हो गं बाई, हो." नवीन नारिंगी टोपी आणलीय. गर्दीत उठून दिसावी म्हणून! हौस बघा.

७ डिसेंबर, रविवार
पायांचं लाकूड झालंय, पण आत्ताच लिहिणार.

भोंगा वाजला आणि हे सुटले. नारिंगी टोपी पहिल्या वळणावर गायब. मनात म्हटलं, भेटा तिसाव्याला!

माझ्या मागे तेवीस जण. सगळ्यांना बोलतं ठेवलं. एक शाळेतल्या बाई होत्या, त्यांनी तर बावीसचा पाढा म्हणून दाखवला. अर्धी शर्यत दोन तास पंचेचाळीसला, अगदी ठरल्याप्रमाणे! मग गळती लागली. अठ्ठाविसाव्याला नऊ उरले. बत्तिसाव्याला चार. शेवटी शाळेतल्या बाईसुद्धा म्हणाल्या, "तुम्ही जा हो. माझ्यासाठी नका थांबू."

वळून बघितलं. कुणी नाही. रडूच आलं, पण रडलं की श्वास बिघडतो. तेवढ्यात चौतिसाव्याच्या पाटीशी, फुटपाथवर — हे! बिनटोपीचे, पोटरी धरून. मी थांबले नाही. नियम म्हणजे नियम. ओरडले, "उठा! मागे या!"

"पोटरीत गोळा आलाय गं..."

"गोळ्याला घेऊन या!"

आले. आठ किलोमीटर माझ्या मागे, एकदाही पुढे गेले नाहीत. झेंड्यामागे कुणीतरी धावतंय हे बघून कडेने चालणारे दोघं आले, मग अजून तिघं. त्यातली एक मुलगी म्हणाली, "आजोबांना जमतंय, मग आपल्याला का नाही?" आजोबा! ह्यांचा चेहरा बघायला मी अर्धा सेकंद खर्च केला.

पाच तास, एकोणतीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद. मागे सहा जण! संयोजक बाईंनी मिठी मारली. ह्यांना विचारलं, टोपी कुठाय? "उडाली वाटेत." मग संध्याकाळभर ऐकवलं — सुरुवातीची घाई नडते ती अशी! मुकाट ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी.

९ डिसेंबर, मंगळवार
कपडे धुवायला काढले. ह्यांच्या धावायच्या चड्डीच्या खिशात नारिंगी टोपी. नीट चार घड्या घातलेली. उडालेली टोपी घड्या घालून खिशात जाते?

१० डिसेंबर, बुधवार
निकालाची पानं आली. बुटाला लावलेली चिप दर पाच किलोमीटरला वेळ टिपते. ह्यांचं पान मुद्दाम उघडलं, अजून थोडं चिडवायला. पहिले पाच, अडतीस मिनिटं. पुढचे पाच, एकोणचाळीस. मग एकोणचाळीस. एकोणचाळीस. एकोणचाळीस. एकोणचाळीस. तीस किलोमीटर हे माझ्या वेगाने, माझ्यापुढे जेमतेम मिनिटभर! पस्तिसाव्यापासून आम्ही दोघं एकदम.

बाहेर जाऊन विचारलं, पोटरी कशी आहे आता?

"कुठली?" म्हणाले. मग, "हं... ती होय. बरी आहे."