हरिहरदादांनी यंत्राकडे मागितलेली एकच गोष्ट

डोंबिवली पूर्व, बुधवार

चि. मुकुल यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कळव्याचे तीन जिने चढू देतो का, ते कळव. मी ठीक. तीन वर्षांपूर्वी माळ्यावरचा डबा काढताना पडलो, तेव्हा मानेखाली जे संपावर गेलं ते अजून कामावर रुजू झालेलं नाही. (डबा नव्हे, लोणच्याची बरणी. मी नको म्हणत होते.) पत्र मी सांगतोय, लिहितेय तुझी शुभदावहिनी, आणि कंसात बोलणारीही तीच.

गेल्या शुक्रवारी ठाण्याला माझा मोठा मान झाला. मेंदूत चिप बसवून नुसत्या विचाराने कॉम्प्युटर चालवायचं यंत्र काही इंजिनिअर मुलं बनवताहेत. ते ज्यांच्यासाठी, त्यांनाच आधी विचारावं म्हणून त्यांनी रुग्णांची समिती नेमली, तीत मी आहे. (सोसायटीच्या निवडणुकीत हे दोनदा पडले होते.) गेल्या गेल्या आम्हा चौघांना, ज्यांचा एकही हात हलत नाही, एकेक फॉर्म आणि सहीला पेन दिलं. मग क्षिप्रा नावाच्या गोड मुलीने शुभदाला विचारलं, "काकांना चहात साखर चालते का?" मी म्हटलं, बाळ, यंत्र माझ्या मेंदूसाठी करताय ना, मग त्यालाच विचार, तो अजून तोंडाने उत्तर देतो. पोरगी ओशाळली, आणि तिने ती समितीची पहिली सूचना म्हणून लिहून घेतली. (यांनी साखर दोन चमचे सांगितली. डॉक्टरांनी बंद केलीय.)

मग मुख्य प्रश्न आला. यंत्राने सगळ्यांत आधी काय करता यावं? बुद्धिबळ, टीव्ही, की यंत्राच्या हाताने पाण्याचा पेला? माझ्याआधी शुभदाच उत्तरं देऊ लागली, आम्हा दोघांना आता तीच सवय झालीय. शेवटी क्षिप्राने तिला अदबीने बाहेर बसवलं. खरं सांगतो, तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी मला एकट्याला काही विचारलं. (बाहेर मला चहासुद्धा कोणी विचारला नाही.) मी एकच गोष्ट मागितली. ती इथे सांगता येत नाही, कारण पेन कोणाच्या हातात आहे ते तू जाणतोस. यंत्र यायला अजून बरीच वर्षं लागतील म्हणे. तोवर शुभदाचं अक्षर सुंदर आहे, तक्रार नाही.

तुझा,
हरिहरदादा

ता. क. : रविवारी येऊन जा. काम असं काही नाही.

आणखी एक ता. क. : भावजी, हे आता झोपलेत, म्हणून हे माझं मी लिहितेय. समितीचं टिपण घरी आलं. यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. यांच्या नावापुढे लिहिलंय, 'बायकोला एक पत्र लिहायचं आहे. ते तिलाच लिहून घ्यायला लावता येत नाही.' रविवारी नक्की या. मी दोन तास बाजारात जाईन. कोरे कागद टेबलावर ठेवलेत. तुमचं अक्षर मला पटकन लागत नाही, तेवढं जरा सुटं सुटं लिहा.