नववा जग

४ मे, उदगीर
कंपनीचा मेल आला. दुकानाचा मेल मीच काढून दिलेला, त्यामुळे वाचायचा मीच. निळ्या खोक्यातला काचेचा चहाचा जग, सोबत सहा कप. उकळतं काही ओतलं तर तळाला तडा जाऊन फुटू शकतो. विक्री थांबवा, उरलेला माल परत पाठवा, ग्राहकांना वापर बंद करायला सांगा.
अब्बांना सांगितलं. म्हणाले, "फळीवरचे तीन पाठवून दे. विकले ते विकले."
"आणि ग्राहकांना कळवायचं?"
"अगे, लग्नसराई आहे. आमचा माल खराब आहे म्हणून आपणच ओरडायचं?"
बारा आले होते. नऊ लोकांच्या घरात. त्यातला एक मीच माझ्या मैत्रिणीला, मंगलला दिला, तिच्या लग्नात.

५ मे
अब्बांचा मेलवर विश्वास नाही. इतकी वर्षं काच विकतो, टिचकी मारली की कळतं, म्हणे. दुपारी त्यांनीच मागच्या अंगणात प्लास्टिकचा टब मांडला, त्यात जग ठेवला, अम्मीला पाणी उकळायला लावलं. मला पार दारात उभं केलं.
पहिल्यांदा ओतलं, काही नाही. पाणी फेकून दुसऱ्यांदा. काही नाही. "देख, बी.एस्सी."
तिसऱ्यांदा भरून, मला दाखवायला म्हणून उचलला. टक्. एवढाच आवाज. हातात कान आणि वरचा भाग, खालचा तळ टबात. पाणी बरंचसं टबात गेलं, थोडं पायावर उडालं. अम्मी बर्फ लावता लावता खूप बोलली.
संध्याकाळी अब्बा म्हणाले, "बोर्ड लिही. मोठ्या अक्षरांत. कंपनी देवो न देवो, आपण बदलून देऊ, ते पण लिही."

८ मे
पाच आले. अब्बांना गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही, पण खरेदी कुणाच्या लग्नासाठी होती ते बरोबर आठवतं. त्यावरून फोन करत सुटले आहेत.
बिरादार काकू जग घेऊन आल्या, कप नाही आणले. "कप कशाला वापस करायचे? त्यांनी काय पाप केलं?" दुसऱ्या एका बाईंच्या जगात तूरडाळ होती. "आमी चहा ओततच न्हाई त्यात. ऱ्हाऊ द्या की." पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी अब्बांनी एक बरणी पुढे केली, तेव्हा डाळ त्यात गेली.
मला वाटायचं, धोका सांगितला की माणूस धावत येतो. तसं नाही. आधी त्याला डाळ ठेवायला जागा द्यावी लागते.
मंगलला लातूरला फोन. "अगं रुबी, रोज वापरून राहिले मी. चहा त्यातच." जीव घाबरा झाला. आत्ताच्या आत्ता बंद कर म्हटलं, तळावरच्या नंबरचा फोटो पाठव. हो म्हणाली.

१० मे
फोटो नाही. दोनदा मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
आठ जग आले. मं. चाच राहिला.
पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं. ती, ओटा, उकळता चहा.

११ मे
आज तिनंच फोन केला. हळू आवाजात, गच्चीवरून. "तुला वाईट वाटंल म्हणून खोटं बोलले. मी उघडलाच न्हाई गं. आहेर आले तसे सासूबाईंनी कपाटावर ठेवले. पुढच्या लग्नांना द्यायला."
"मग अजून कपाटावरच आहे?"
"ते... मला नक्की न्हाई सांगता यायचं. विचारलं तर म्हनतील, तुझ्या मैत्रिणीला हिशेब पायजे का."
फोन ठेवल्यावर वाईट वाटलंच. तो जग निवडायला मी किती वेळ घालवला होता. अम्मीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आपल्या कपाटावर चढून बघ. आलेलं सगळं आपणच वापरलं तर आहेर चालायचा कसा?"
उद्या लातूर.

१२ मे, लातूर
मं. बारीक झाली आहे. मला बघून आनंद, लगेच सासूबाईंकडे नजर.
सासूबाई प्रेमळ आहेत, पण कपाटाचं नाव काढलं की ताठ. वर अकरा खोकी. सगळी रंगीत कागदात, कुठल्यात काय आहे कुणालाच माहीत नाही.
"काकू, उघडून बघू?"
"उघडलं की देता येतं व्हय? कागद मोडला की वस्तू घरची झाली."
हे ओळखूनच कागद आणि चिकटपट्टी पिशवीत घालून नेली होती. म्हटलं, मी दुकानदाराची लेक, होती तशी बांधून देते, कळलं तर मला बोला. कोपऱ्यांवर बारीक नजर ठेवून बसल्या. चार घड्याळं, तीन लेमन सेट, दोन ट्रे, एक डबा, आणि एक फोटोफ्रेम जिच्यात कुठल्यातरी अनोळखी नवरा-नवरीचं नाव. मं. ला हसू आवरेना. सासूबाईंनी ते खोकं माझ्या हातातून काढून घेतलं.
जग नाही.
सगळं परत बांधून झाल्यावर म्हणाल्या, "निळं खोकं का? मंग ते सरांना गेलं की. नांदेडला. ह्यांच्या शाळेचे हेडमास्तर रिटायर झाले तवा."
सरांना मीच फोन लावला. नाव सांगितलं, दुकान सांगितलं, जग परत घ्यायचा आहे, बदल्यात दुसरी वस्तू देऊ.
"आणि आता ओटीपी मागणार ना?" ठेवला. परत लावला तर उचलला नाही.
सासूबाईंना म्हटलं, तुम्ही बोला. "मी? सुनेच्या आहेरातलं दिलं, हे माझ्या तोंडानं सांगू? ह्यांना त्या शाळेत तोंड दाखवायचंय." आत निघून गेल्या.
आज इथेच राहिले.

१३ मे
सकाळी मं. नं सगळ्यांसमोर स्वतःचा फोन काढला, स्पीकर लावला. मी नको म्हणणार होते. म्हटलं नाही.
"सर, मी मंगल बोलते, लातूरहून. तो काचेचा जग वापरू नका. गरम ओतलं की फुटतो. माझ्या लग्नातला होता, मला माहीत आहे म्हणून सांगते."
सासूबाई जागच्या जागी थिजल्या.
पलीकडून सर म्हणाले, "सूनबाई, तो इथं कुठाय? आमच्या हिनं भाचीच्या लग्नात दिला. इस्लापूरला. परवाच झालं."
मं. नं माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे. त्यांचा चेहरा असा, की कुणी त्यांच्या घरातून काही उचलून नेलंय.
"मी दिलेलं? न उघडता?"
कुणी हसलं नाही.
सरांनी भाचीच्या सासरचा नंबर दिला. लागत नाही. नऊ वाजता नाही, दहाला नाही, साडेअकराला नाही. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात चहाच करायला सांगतात.
बाराच्या सुमारास सासूबाई बाहेर आल्या. पातळ बदललेलं, हातात पर्स.
"नांदेडला कितीची गाडी हाय? तिथनं इस्लापूरला किनवटची धरू. तू एकली गेलीस तर तुला कोन वळखतंय? ओटीपीच म्हनतील."
मं. ला म्हणाल्या, "तू पन चल. कुनाचा हुता ते तूच सांग."
अब्बांना कळवलं. म्हणाले, बदलीला नेतेस काय? काहीच आणलेलं नाही. सासूबाईंनी हे ऐकलं, स्टूल ओढलं, वरून एक लेमन सेट काढला.
स्टँडवर बसून लिहिते आहे. गाडी अजून लागली नाही. पुन्हा फोन लावला. या वेळी रिंग गेली. पूर्ण गेली. उचलला नाही.