असोद्याच्या भिंतीचे थर

१२ एप्रिल, देवपूर, धुळे

जितेंद्रचा फोन. "नूतनताई, आखाजीचा सण झाला की असोद्याचं घर पाडतो, स्लॅबचं बांधू." धाकटा भाऊ, पण आवाज थोरल्यासारखा! मी एवढंच म्हणाले – स्वयंपाकघराची भिंत माझी. तिच्यावरचे रंग काढून घेतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

१३ एप्रिल

बारा वर्षं चित्रात हेच करतेय. कापडावर चुना, निळीचा थर, वर केळीचा धागा, मग खरवडून खालचं दिसू द्यायचं. क्लासातल्या मुली विचारतात, मॅडम, एका चित्राला एवढे महिने? थर वाळायला लागतो तेवढा वेळ लागतोच, बाई! हे मला आईच्या भिंतीनं शिकवलं. दरसाल नवा रंग – पिस्ता, गुलाबी, निळसर पांढरा. पोपडा निघाला की खाली मागची वर्षं. नखानं उकरून मारही खाल्लाय.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. आबा एकटेच राहतात तिथे. तिच्या हातचं आता तेवढंच उरलंय, आणि ते मला हवंय.

२० एप्रिल

मलमल, सरस, ब्रश बांधून ठेवले. सरस लावून कापड भिंतीला चिकटवायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, मग सोलायचं. रंग कापडाबरोबर निघून येतो. घाई केली की मुसळ केरात.

२६ एप्रिल, असोदा

आबांनी भिंत घासली! पोपडे खरवडून वर पांढराशुभ्र चुना. "लेक धुळ्याहून भिंत न्याले येऊ राहिली, अशी मळकी कशी देऊ?" मी नको ते बोलले. आईचं होतं नव्हतं तेही घालवलंत, असंसुद्धा. ते जेवलेच नाहीत.

२७ एप्रिल

चुलीमागच्या कोपऱ्यात थोडा गुलाबी वाचलाय. तिथे कापड लावलं.

२९ एप्रिल

कापड सोललं. तळहाताएवढा गुलाबी आला. आबांपुढे धरला, म्हटलं, हा आईचा.

ते हसले. "तुह्यी माय चुन्याले कधी शिवली? तिले खोकला व्हये. आखाजीले ती तुमाले घेऊन फैजपूरले माहेरी जाये. मी घरात एकटा. करमे नही, म्हनून भिंत रंगवत व्हतो."

आणि त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले.