कॅलेंडरवरची लाल मखमल

पप्पा, कॅलेंडरवरच्या त्या बाईच्या चित्राखालची बारीक ओळ मी वाचली, त्या दुपारी माझं डोकंच फिरलं. मत्रहच्या बाजारातल्या कापडवाल्याने दिलेलं ते कॅलेंडर अजून अल खौदच्या आपल्या टेलरिंगच्या दुकानात, तुमच्या शिलाई मशीनच्या वर लटकतंय. लाल मखमल, जरीची किनार, मोत्यांच्या माळा. लहानपणी मी तिच्याकडे बघत बसलो की तुम्ही पट्टी आपटायचात, "तोंड काय बघतोस? बाही बघ. चुण्या मोज!" मला वाटायचं, कुणी राणी असेल. ओळीत लिहिलं होतं, चित्रकाराची बायको. चारशे वर्षांपूर्वी एका कारागिराने आपलं सगळं कसब घरच्या बाईवर ओतलं. आणि तुम्ही? गल्लीभरच्या नवऱ्या सजवल्यात, पण मम्मीने उरलेल्या मखमलीचा हातभर तुकडा मागितला तर म्हणालात, "गिऱ्हाईकाचा तुकडा गिऱ्हाईकाच्या पिशवीत." तुमच्या मयतीलाही ती त्याच जुन्या राखाडी सुती ड्रेसमध्ये उभी होती. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, पण बघत होतो.

गेल्या आठवड्यात एक मुलगी दुकानात आली. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती. जिच्यापायी माझं कॉलेजात लक्ष लागेना, ती. शुक्रवारी तिचा साखरपुडा आहे, दुबईच्या इंजिनिअरशी. मापाचा जुना ड्रेस आणि क्रीम कापड काउंटरवर ठेवून ती तशीच उभी राहिली. "तुला काही बोलायचंय?" तिने विचारलं. मी म्हणालो, "ट्रायल बुधवारी." ती हसली, "बस? खलास?" आणि गेली. त्याच दुपारी मी ती चित्राखालची ओळ वाचली.

गिऱ्हाईकाचं माप दुसऱ्या कामाला वापरायचं नाही, हाही तुमचाच नियम ना? मोडला. त्याच मापावर मी माझ्या पैशांची लाल मखमल कापली, चित्रातल्या बाह्या लावल्या. मम्मीने ती मखमल आधी गालाला लावली, मग ओरडली, "कॉलेज सोडलंस, आता अक्कलपण सोडलीस? तिच्या बापाने बघितलं तर?"

"बघू दे."

आज बुधवार. क्रीम ड्रेस हँगरवर आहे, टाका न् टाका तुमच्यासारखा. त्यात खोट काढून दाखवा. ट्रायलची वाट बघणार नाही. लाल ड्रेस घेऊन मीच तिच्या घरी जातोय, बाप समोर असला तरी. एवढ्या तावाने लिहितोय खरा, पण तिला मी अजून काही विचारलेलंच नाही, पप्पा. हे पत्र तुमच्या मशीनच्या खणात टाकतो. यल्ला, चला, निघालो. दार ओढून घेतो.