सुपारीचा उंट

एरंडोल, मंगळवार

ती. रुपचंदभाऊंना पितांबरचा नमस्कार.

खुबा आता कसा आहे? सूनबाई सारिका पथ्याचं वाढते ते तुम्ही मुकाट्याने खाता, असं धरून चालतो. ओट्याच्या पायरीवरून पडलात ते पडलात. आता डॉक्टर चाला म्हणतात आणि तुम्ही गॅलरीपर्यंतही येत नाही, असं समाधान फोनवर म्हणाला. (तक्रार नव्हती. मुलगा काळजीत आहे.)

इकडची बातमी अशी, की मी हल्ला शिकलो. राजाला कोपऱ्यात बसवून, पुढे तीन प्यादी उभी करून तुम्ही मला आजवर हरवलंत. भूमिकाने (माझी पुतणी, जळगावला बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळते) त्यावर उतारा दिला. उंटाने राजापुढचं प्यादं मारायचं. राजाने उंट मारला की घोड्याने शह, मागून वजीर. मला उंट फुकट देववेना. "काका, बियाणं मातीत टाकताना रडता का?" म्हणाली. मग दिला.

समोर जीवराम होता. तुम्ही धुळ्याला गेल्यापासून पटावरचा एक पांढरा उंट सापडत नाही, म्हणून मी सुपारी ठेवतो. (पूजेत गैरहजर माणसाच्या जागी चालते, तर इथे का नाही?) सुपारीने प्यादं मारून शह दिला. जीवराम विचारात पडला, आणि विचारात त्याचा हात अडकित्त्याकडे जातो, हे तुम्ही जाणताच. उंट कातरून तोंडात गेल्यावर तो म्हणाला, "माले वाटनं सुपारी शे!" मी म्हटलं, हात लावलास, आता राजानेच मार. "आते थुकू का?" ओट्यावरच्यांनी निकाल माझ्या बाजूने दिला. राजा कोपऱ्यातून निघाला. मी घोडा टाकून शह दिला.

तेव्हा भाऊ, तुमचा कोपरा आता सुरक्षित नाही. यायची घाई करू नका. धुळ्यात बरे आहात.

आपला,
पितांबर

ता. क. डाव मी हरलो. भूमिकाच्या हिशेबाने राजाने घाबरून मागे जायला हवं होतं. जीवरामला एवढं कळत नाही. त्याचा राजा एकेक घर रमतगमत पुढे आला आणि पटाच्या मधोमध उभा राहिला. माझा वजीर, घोडा, हत्ती, सगळे होते. त्याला काही झालं नाही.

आणखी एक. तुम्ही पडल्यावर तुम्हाला अर्ध्या डावातून उचलून गाडीत ठेवलं, तेव्हा मारलेला पांढरा उंट तुमच्या बंडीच्या खिशात होता. मी पाहिला होता. टपालाने पाठवू नका. समाधानकडेही देऊ नका.