तिचा खोकला

१२ नोव्हेंबर
ही गेली त्याच आठवड्यात मला ताप. तिचाच फ्लू. बाकी मी ठीक आहे. उद्यापासून चष्म्याचं दुकान उघडायचं.
मी खोकलो की आतल्या खोलीतून खोकला येतो. तिच्यासारखाच, शेवटी जरा ओढलेला. भिंतींमुळे होत असेल.

१३ नोव्हेंबर
दुकान उघडलं नाही. किल्ली सापडेना. (खिशात होती.)
लेक लॅबमध्ये रक्त तपासते. ती म्हणाली, बाबा, घाबरू नका, तुमच्या टी पेशी कामाला लागल्यात. विषाणू ज्या पेशीत शिरतो ती त्याचे तुकडे आपल्या अंगावर मांडते. टी पेशी ते चाचपून ओळखतात आणि त्या पेशीलाच मारतात. काही टी पेशी नुसत्या हाका मारून बाकीच्यांना जमवतात. मी म्हटलं, तुझ्या आत्यासारख्या. ती हसली. मग रडली.
तुझ्या आईच्या का नाही लढल्या, असं मी विचारलं. सांध्यांच्या औषधांनी दबल्या होत्या म्हणे.
म्हणजे माझ्यात जो आहे तो तिच्यातून आलेला. आणि माझ्याच पेशी त्याला हुसकतायत.

१४ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. टी पेशींना मदत करायची नाही. जेवण बंद, झोप बंद. दुःख वगैरे काही नाही. नुसता प्रयोग.

संध्याकाळ
दोन वाट्या सूप. लेकीचं मन मोडवेना. दुपारी झोप लागली. चुकून.

१५ नोव्हेंबर
ताई आली. तिनं विचारलं, काय रे, तिचं पांघरूण धुवायला टाकलंस ना? टाकलं म्हटलं. (पलंगाखाली आहे.)
प्रयोगाचं तिला बोललो नाही. तरी जाताना म्हणाली, शाळा बुडवायलासुद्धा तुला कधी ताप आणता आला नाही, आता काय आणणारेस!

१६ नोव्हेंबर
ताप नाही. थर्मामीटर बिघडलाय. खात्रीसाठी लेकीला लावला. तिलाही नॉर्मल दाखवतो. म्हणजे बिघडलाच.
खोकला आहे, पण थोडा. आतून उत्तर उशिरा येतं.

१८ नोव्हेंबर
काल लिहिलं नाही. काल खोकलाही नव्हता. आतली खोली गप्प.
आज लेक अंघोळीला गेलीय असं वाटलं म्हणून जोरात खोकून बघितलं. थांबलो.
आतून आवाज आला. लेकीचा. बाबा, मुद्दाम खोकू नका.
आत बसून ती आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. पांघरूणही तिला सापडलं होतं. धुऊन वाळत घातलं होतं.
विचारलं, हाच फ्लू मला पुन्हा झाला तर? ती म्हणाली, हाच विषाणू आला तर आता टिकायचा नाही. लढाई संपली तरी थोड्या टी पेशी मागे राहतात, त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. आला की ओळखतात आणि लगेच घालवतात. चांगलंच आहे ना, बाबा.
हो म्हटलं.
उद्या दुकान उघडायचं. किल्ली खिशातच आहे.